शब्दांचे तिलिस्म : 'मड' खेळांचे वाङ्मयीन मोल

मराठी समीक्षेच्या वाड्याला कविता, कथा, कादंबरी आणि नाटक अशी चार ठरलेली दारे आहेत. आत्मचरित्राला उशिरा का होईना, आत घेतले गेले. लोकसाहित्य अजून मागच्या अंगणातच बसते. परंतु गेल्या पन्नास वर्षांत निव्वळ शब्दांनी उभा राहिलेला आणि हजारो माणसांनी रात्री जागून एकाच वेळी वाचलेला व लिहिलेला एक प्रकार या वाड्याच्या वाटेलाही आला नाही. त्याच्या नावामागे 'खेळ' हा शब्द लागला होता, एवढेच त्याचे कारण. खेळ म्हटला की तो पोरांचा, आणि पोरांचे ते समीक्षकाचे नव्हे, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. आम्ही पेशाने शिक्षक आहोत. पोरांचे ते आमचेच, म्हणून हा विषय हाती घेत आहोत.

हा प्रकार म्हणजे 'मड'. मल्टी-यूजर डंजन या इंग्रजी नावाचे हे लघुरूप. मराठीत 'अनेकांचे तळघर' म्हणता येईल. इंग्रजीत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ चिखल असा होतो आणि त्यावरून विनोदही पुष्कळ झाले. संगणकाच्या पडद्यावर ना चित्र, ना रंग, ना आवाज. फक्त मजकूर. समजा, पडद्यावर अक्षरे उमटतात की तुम्ही एका जुन्या विहिरीच्या काठाशी उभे आहात, उत्तरेला पडकी भिंत आहे, पूर्वेकडे पायवाट उतरते. तुम्ही 'पूर्व' असे टंकता आणि पुढच्या जागेचे वर्णन समोर येते. इथवर हे एकट्याने वाचायचे पुस्तक झाले. पण त्याच क्षणी आणखी एक ओळ उमटते की वाटेवर दुसरे कोणी उभे आहे. ते 'कोणी' संगणकाने रचलेले नसते. दुसऱ्या गावात, कदाचित दुसऱ्या देशात बसलेला तो एक जिवंत माणूस असतो आणि त्याला त्याच्या पडद्यावर तुमच्या येण्याची ओळ दिसलेली असते. दोन वाचक एकाच पानावर समोरासमोर येतात. छापील पुस्तकाच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते.

या खेळांचा इतिहास बहुधा एकाच पद्धतीने सांगितला जातो. आधी शब्दांचे खेळ होते, मग चित्रांचे आले, शब्दांचे मागे पडले. म्हणजे मड हा आजच्या झगमगत्या खेळांचा खापरपणजोबा. भिंतीवर त्याची तसबीर लावावी, हार घालावा आणि कामाला लागावे. आम्हांला ही मांडणी मान्य नाही. आमचे म्हणणे असे की शब्दांकडून चित्रांकडे जाताना एक मोठी गोष्ट हरवली आणि ती वाङ्मयीन होती. तिचा हिशेब खेळांच्या बाजारपेठेने ठेवलेला नाही. तो समीक्षेने ठेवायला हवा.

गुहा आणि विद्यापीठ

आधी थोडा इतिहास. या परंपरेचा उगम एका खऱ्याखुऱ्या गुहेत आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अजस्र गुहा आहे. विल क्राउदर हे मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीत संगणकाचे काम करणारे गृहस्थ या गुहेत उतरत आणि तिचे नकाशे करीत. संसार मोडल्यावर आपल्या दोन मुलींना रमविण्यासाठी त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० या संगणकावर 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ लिहिला. गुहेतले एक दालन म्हणजे एक परिच्छेद, अशी त्याची रचना. पुढे १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी त्यात अद्भुताची भर घातली. त्याच वर्षी एमआयटी या संस्थेतील चौघा तरुणांनी 'झॉर्क' लिहायला घेतला. हे सारे एकट्याने खेळायचे खेळ होते.

ते अनेकांचे झाले इंग्लंडात. एसेक्स विद्यापीठ हे कोल्चेस्टर गावाजवळचे तसे नवे विद्यापीठ. तिथल्या रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ च्या शरद ऋतूत पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल हा सहाध्यायी त्यात सामील झाला. झॉर्कची एक आवृत्ती 'डंजन' या नावाने फिरत होती. त्यावरून हे नाव पडले. १९८० मध्ये ट्रबशॉ विद्यापीठाबाहेर पडले आणि पुढचा सारा भार बार्टल यांनी उचलला. त्याच वर्षी एसेक्सचा संगणक प्रायोगिक जाळ्यातून अमेरिकेच्या अर्पानेटशी जोडला गेला आणि बाहेरचे पाहुणेही येऊ लागले. दिवसा संगणक विद्यापीठाच्या कामात असे, म्हणून ही मैफल रात्रीची.

या पहिल्या मडचे नियम पाहण्यासारखे आहेत. त्या भूमीत खजिना शोधायचा आणि तो दलदलीत टाकायचा. टाकलात की गुण मिळतात. गुण वाढत गेले की नवशिक्याचा योद्धा, योद्ध्याचा वीर असे चढत शेवटी जादूगार व्हायचे. जादूगाराला त्या जगाचे गुपित कळते आणि इतरांवर अधिकार चालतो. लढाईत मेलात तर मात्र पात्र कायमचे पुसले जाते. खजिना संपत आला की ते जग पुन्हा पहिल्यासारखे मांडले जाते. बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की यामागे एक सामाजिक चीड होती. जन्म कुठल्या घरात झाला यावर माणसाची पायरी ठरविणाऱ्या इंग्रजी वर्गव्यवस्थेला उत्तर म्हणून त्यांना असे जग हवे होते, जिथे पायरी स्वतः चढून मिळवावी लागते. ज्या समाजात आडनाव ऐकून चहाचा कप वेगळा काढला गेला, त्या समाजातल्या वाचकाला या कल्पनेचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

हाच मड १९८७ पासून कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेवर 'ब्रिटिश लेजंड्स' या नावाने १९९९ अखेरपर्यंत चालला. दरम्यान त्याला भावंडे होत गेली. वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे अ‍ॅलन कॉक्स यांनी १९८७ मध्ये 'अ‍ॅबरमड' लिहिला. स्वीडनमध्ये लार्स पेन्स्यो यांनी १९८९ मध्ये 'एलपीमड' आणला. अमेरिकेत त्याच वर्षी जेम्स अ‍ॅस्प्नेस यांनी 'टायनीमड' उघडला. कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी १९९०-९१ मध्ये 'डिकूमड' रचला. डिकू ही त्यांच्या संगणकशास्त्र विभागाच्या डॅनिश नावाची आद्याक्षरे. बहुतेक कर्ते विद्यार्थी होते आणि बहुतेकांनी आपले काम इतरांना फुकट वापरू दिले. म्हणूनच काही वर्षांत जगभर शेकडो मड उभे राहिले.

दास्तानचे माप, कादंबरीचे माप

उर्दू वाचकाला हे सारे ऐकताना एक जुनी ओळख पटते. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्मे होशरुबा' छापायला सुरुवात केली. पहिल्या चार जिल्दी मुहम्मद हुसैन जाह यांच्या आणि पुढच्या अहमद हुसैन कमर यांच्या. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेले जग. त्याचे नियम वेगळे, त्याचा बादशहा वेगळा आणि ते तोडायचे तर त्याची 'लौह', म्हणजे गुपित सांगणारी पाटी, हाती लागावी लागते. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये वाटेल तेवढ्या वस्तू मावतात. मड खेळणाऱ्याच्या पिशवीचे तेच. बार्टल किंवा ट्रबशॉ यांनी दास्तान वाचली होती असे आम्ही सुचवीत नाही. त्यांचे आजोळ टोल्किन आणि पाश्चात्त्य अद्भुतकथा. साम्य आहे ते उसनवारीचे नव्हे, प्रकृतीचे.

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते दास्तानच्या समीक्षेचे नशीब. कित्येक वर्षे उर्दू समीक्षेने दास्तानला कादंबरीच्या मापाने मोजले आणि नापास केले. पात्रांचा विकास नाही, कथानकाला बांधा नाही, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, अशी तिच्यावर कलमे लावली. दिवंगत शम्सुर्रहमान फारुकी यांनी हे माप नाकारले. दास्तान ही ऐकायची आणि ऐकवायची गोष्ट आहे, तिचे गुणदोष ऐकण्याच्या नियमांनी ठरवा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' या ग्रंथाचे खंडच्या खंड लिहिले. आमच्या मते मडला हाच न्याय हवा. कादंबरीच्या मापाने तो तुटक ठरेल आणि चित्रमय खेळाच्या मापाने दरिद्री. त्याला त्याच्याच मापाने मोजले पाहिजे. ते माप काय, ते आता पाहू.

या गद्याचे व्याकरण

मडचे गद्य द्वितीय पुरुषी, वर्तमानकाळी असते. 'तो दारापाशी आला' असे नाही, 'तुम्ही दारापाशी आहात' असे. वाचकाला त्यात उभे केलेले असल्याने लेखकावर काही बंधने आपोआप येतात.

पहिले बंधन पुनरुक्तीचे. कादंबरीतले वर्णन आपण एकदा वाचतो. मडमधल्या चौकातून खेळणारा दिवसाला वीस वेळा जातो आणि दर वेळी तोच परिच्छेद समोर येतो. चमकदार विशेषण दुसऱ्या दिवशी शिळे होते, तिसऱ्या दिवशी खुपते. टिकते ते साधे, नेमके, दिशा सांगणारे वाक्य.

दुसरे बंधन भावनेचे. 'तुम्हांला भीती वाटते' असे लिहिणे या प्रकारात दोष समजला जातो. भीती वाटली की नाही, हे वाचकाने ठरवायचे. लेखकाने फक्त अंधार, ओल आणि दूरचा आवाज मांडायचा. निबंधात 'मला अत्यंत आनंद झाला' असे लिहिणाऱ्या मुलांना आम्ही वर्षानुवर्षे जे सांगत आलो, ते या खेळाने नियम म्हणून पाळले.

तिसरे बंधन जबाबदारीचे. वर्णनात विहीर आली की वाचक 'विहीर पाहा' असे टंकणारच. त्या विहिरीचे उत्तर लेखकाजवळ तयार नसेल तर जग तिथे फाटते. प्रत्येक नामाचा जाब द्यावा लागतो, हे बंधन आपल्या कथाकारांनी एखादा महिना जरी पाळले तरी मराठी कथेतली निम्मी सजावट गळून पडेल.

आणि चौथी गोष्ट बंधन नाही, नवल आहे. मडमध्ये एका घटनेची दोन वाक्ये होतात. करणाऱ्याला दिसते, 'तुम्ही दिवा लावता.' त्याच जागी असलेल्या इतरांना दिसते, 'सलमा दिवा लावते.' एकच कृती एकाच क्षणी दोन पुरुषांत लिहिली जाते. त्यापुढे जाऊन खेळणाऱ्याला स्वतःविषयी तृतीय पुरुषात वाक्य लिहिण्याची सोय असते. कोणी लिहितो की आपण खिडकीशी जाऊन गप्प उभे राहिलो. सगळ्यांच्या पडद्यावर त्याच्या पात्राच्या नावाने ते वाक्य उमटते. इथे वाचकाचा लेखक होतो. आपले टोपणनाव घेऊन, आपल्याच हालचालीचे गद्य तो सर्वांसमक्ष, खाडाखोड न करता लिहितो. मुशायऱ्यात तखल्लुस घेऊन उभा राहणारा शायर घरचे नाव घरी ठेवून येतो, तसेच काहीसे हे. मात्र शायर घरून गझल लिहून आणतो. याला ती मंचावरच रचायची असते.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार पाडणारा एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पत्त्यांच्या चार रंगांवर त्यांनी ते बसविले. गुण कमावणारे चौकट, जग धुंडाळणारे इस्पिक, माणसे जोडणारे बदाम आणि इतरांना छळणारे किलवर. खेळ बनविणारे लोक हा निबंध आजही गिऱ्हाइकांची विभागणी म्हणून वाचतात. आम्हांला तो वाचकांचे वर्गीकरण वाटतो. शेवटचे पान आधी उघडणारा वाचक, प्रत्येक तळटीप वाचणारा वाचक, पुस्तकावर मित्रांशी बोलण्यासाठी वाचणारा वाचक आणि केवळ लेखकाला पाडण्यासाठी वाचणारा वाचक हे चौघेही आमच्या परिचयाचे आहेत. चौथ्याला आपल्याकडे समीक्षक म्हणण्याची चाल आहे. असो.

लेखणी कोणाच्या हाती?

मडच्या घराण्यात पुढे दोन वाटा फुटल्या आणि वाङ्मयाच्या दृष्टीने तोच खरा फाटा आहे.

एक वाट टायनीमडची. अ‍ॅस्प्नेस यांनी गुण आणि लढाई काढूनच टाकली. राहिले ते फिरणे, बोलणे आणि बांधणे. कोणीही येऊन नवी खोली खोदावी, तिचे वर्णन लिहावे, तिला दार लावावे. एकाच्या स्वयंपाकघरातून दुसऱ्याच्या वाळवंटात वाट निघे. काही महिन्यांतच हे जग इतके फुगले की चालविणे जड गेले आणि १९९० मध्ये ते बंद झाले. त्यातले बरेचसे गद्य सुमार असणार, यात शंका नाही. ज्या गावात प्रत्येकजण कवी आहे, त्या गावात चांगली कविता शोधावीच लागते. तरीही वाचक आणि लेखक यांच्यातली भिंत इतकी पातळ पूर्वी कुठे झाली नव्हती.

दुसरी वाट डिकूमडची. इथे लढाई, हत्यारे, ताकद आणि आकडे यांना मान. जग आधीच आखलेले. खेळणाऱ्याने त्यात उतरून राक्षस मारावेत आणि वर चढावे. हा मड चालवायला सोपा होता, म्हणून तो झपाट्याने पसरला. पण इथे वर्णन हळूहळू मागे सरकले. सरावलेला खेळाडू परिच्छेद वाचतच नाही. त्याची नजर आकड्यांवर असते. आणि वाचलाच जात नसेल तर परिच्छेद कशाला हवा? मडमधल्या शब्दांची पीछेहाट चित्रांनी सुरू केली असे म्हणतात. आमच्या मते ती आकड्यांनी सुरू केली. चित्रे नंतर आली आणि रिकामी झालेली जागा त्यांनी घेतली.

शब्दाची जखम

साहित्याची एक जुनी ढाल आहे. हे सारे शब्दच तर आहेत, शब्दांनी कोणाचे काय बिघडते? मडच्या इतिहासातील एका प्रकरणाने ही ढाल फोडली, म्हणून ते टाळून पुढे जाता येत नाही.

पॅव्हेल कर्टिस हे झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात काम करीत. त्यांनी १९९० मध्ये 'लॅम्बडामू' नावाचे जग सुरू केले. टायनीमडच्याच वाटेवरचे, पण अधिक समर्थ. मार्च १९९३ मध्ये तिथे एका टोपणनावाच्या खेळाडूने एक छोटा कार्यक्रम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावाने वाक्ये लिहिली. भर दिवाणखान्यात, सर्वांच्या पडद्यावर, इतरांची पात्रे त्यांच्या इच्छेविरुद्ध लैंगिक अत्याचार सोसत आहेत आणि स्वतःला इजा करून घेत आहेत अशी वाक्ये उमटत गेली. ज्यांची ती पात्रे होती ती माणसे आपापल्या घरी सुरक्षित होती. त्यांच्या अंगाला ओरखडाही उठला नव्हता. तरीही त्यांना जे वाटले त्याला अपमान हा शब्द पुरत नाही. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने डिसेंबर १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात या प्रकरणावर लिहिलेला लेख पुढे अभ्यासक्रमांतून वाचला गेला.

वाङ्मयाच्या अंगाने हा गुन्हा नेमका कोणता होता? आमचे उत्तर असे की तो लेखणी हिसकावण्याचा गुन्हा होता. ज्या जगात माणूस म्हणजे त्याने स्वतःविषयी लिहिलेली वाक्ये, त्या जगात त्याच्या नावाने दुसऱ्याने वाक्य लिहिणे म्हणजे त्याच्या देहाचा ताबा घेणे होय. आपल्या समाजाविषयी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये वाचत आपण मोठे झालो. आमच्या नावाने कोणीतरी कथा लिहितो, तीत आम्ही कसे वागतो ते ठरवितो आणि ती वाचून लोक आमच्याकडे पाहतात. हा अनुभव मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाला कोणी नव्याने शिकवायला नको. म्हणून ही दूरदेशीची घटना आम्हांला दूरची वाटत नाही.

पुढे जे झाले तेही सूचक आहे. आधी डिसेंबर १९९२ मध्येच कर्टिस यांनी जाहीर केले होते की यापुढे जादूगार, म्हणजे कारभारी मंडळी, फक्त यंत्र सांभाळतील. समाजाचे निर्णय समाजाने घ्यावेत. या प्रकरणानंतर रहिवाशांची सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली आणि निर्णय झाला नाही. शेवटी एका जादूगाराने स्वतःच्या अखत्यारीत त्या खेळाडूचे खाते पुसून टाकले. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची रीतसर पद्धत बसविली. पण १९९६ मध्ये कारभाऱ्यांनी कबूल केले की यंत्राचा निर्णय आणि समाजाचा निर्णय वेगळे काढता येत नाहीत आणि सूत्रे पुन्हा आपल्या हाती घेतली. शब्दांच्या जगातही ज्याच्या हाती छापखाना, त्याच्या हाती शेवटचा शब्द. हा मडचा पराभव म्हणावा की प्रामाणिकपणा, यावर मतभेद होतील. आम्ही त्याला प्रामाणिकपणा म्हणू, कारण आजची मोठमोठी समाजमाध्यमे हीच सत्ता चालवितात आणि ती कबूल करायला मात्र कचरतात.

चित्रे आली तेव्हा

'अल्टिमा ऑनलाइन' १९९७ मध्ये, 'एव्हरक्वेस्ट' १९९९ मध्ये आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आले. यांपैकी पहिल्याचे एक प्रमुख रचनाकार राफ कॉस्टर हे मडच्या शाळेतच घडलेले. एव्हरक्वेस्टवर डिकूची छाप एवढी गडद होती की आपण डिकूच्या आज्ञावलीतले काही घेतलेले नाही, असे त्याच्या कर्त्यांना २००० मध्ये लेखी द्यावे लागले. वॉरक्राफ्टचे वर्गणीदार २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर पोहोचले. एसेक्सच्या त्या रात्रीच्या मैफलीचा हा गुणाकार थक्क करणारा आहे.

न्यायाची गोष्ट अशी की चित्रांनी दार मोठे केले. इंग्रजी गद्य झरझर न वाचणाऱ्या कोट्यवधींना त्यांनी आत घेतले. मडचे दार अरुंद होते. संगणक हवा, विद्यापीठाचे जाळे हवे, इंग्रजी हवी. तेव्हा शब्दांचे जग सर्वांचे होते आणि चित्रांनी ते बळकावले, असा गळा आम्ही काढणार नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. टायनीमडमध्ये एक खोली बांधायला एक परिच्छेद पुरत असे. चित्रांच्या जगात तीच खोली उभी करायला कारागिरांचा ताफा आणि भांडवल लागते. त्यामुळे जग बांधण्याचा हक्क रहिवाशाकडून कंपनीकडे गेला. लेखक होता, तो गिऱ्हाईक झाला. शिवाय चित्रांनी काहींसाठी दार बंदही केले. मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्राच्या मदतीने अंध खेळाडू मडमध्ये डोळसांच्या बरोबरीने लढतो, फिरतो. चालू असलेल्या मडमध्ये असे खेळाडू आजही आहेत. शब्दांच्या जगात अंधार सर्वांना सारखाच असतो.

आपल्या भाषांत हे जग

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे मडचा बहर ओसरू लागला तेव्हा. आणि मडचे सारे यंत्र रोमन अक्षरांवर बेतलेले. देवनागरी आणि अरबी-फारसी वळणाची लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आली खरी, पण ती घरोघरच्या पडद्यावर सुखाने उमटायला बराच काळ जावा लागला. उर्दूच्या नस्तालीक वळणाला तर त्याहून अधिक. ज्या वर्षांत हा प्रकार घडत होता, त्या वर्षांत आपल्या लिप्या दाराबाहेर उभ्या होत्या.

अडचण लिपीचीच नाही, व्याकरणाचीही आहे. इंग्रजीत 'यू' एकच. मराठीत असे जग लिहायचे तर पहिल्याच वाक्याला प्रश्न येतो की वाचकाला 'तू' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे की 'आपण'? उर्दूतही तेच तीन दरवाजे. जादूगार झालेल्याला 'आपण' आणि नवशिक्याला 'तू' म्हटले तर भाषाच पायऱ्या दाखवील. दुसरा प्रश्न लिंगाचा. इंग्रजी मडमध्ये माणसाला आपले स्त्री-पुरुषत्व झाकून वावरता येई. शेरी टर्कल यांनी १९९५ च्या 'लाइफ ऑन द स्क्रीन' या पुस्तकात अशा वावरण्याचा सविस्तर अभ्यास केला. लॅम्बडामूमध्ये तर स्त्री-पुरुष भेद न दाखविणारी सर्वनामेही निवडता येत. मराठीत 'मी येतो' किंवा 'मी येते' म्हणताच गुपित फुटते. उर्दूत 'आता हूँ' आणि 'आती हूँ' यांचे तेच. आपल्या भाषेत बुरखा घालून बोलायचे तर 'येणे झाले', 'आम्ही निघालो' अशी वळणे घ्यावी लागतील. ही उणीव नव्हे. मराठी आणि उर्दू गद्यापुढचे ते आव्हान आहे, आणि कोणा तरुण लेखकाने ते उचलले तर आपल्या क्रियापदांकडे त्याला नव्याने पाहावे लागेल.

भाषाशिक्षकाच्या नात्याने एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. यासाठी संगणकसुद्धा लागत नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाने एका खोलीचे पाच वाक्यांत वर्णन लिहावे, तिला दोन वाटा ठेवाव्यात आणि त्या शेजाऱ्याच्या खोल्यांना जोडाव्यात. भिंतीवर कागद लावले की चाळीस मुलांचे एक जग उभे राहते. बी.एड. च्या पाठटाचणात लेखनाची जी उद्दिष्टे आपण कंटाळून उतरवितो, त्यांतली बहुतेक यात येतात आणि त्या वर्णनाला वाचकही मिळतो.

तर, मड हे साहित्य आहे काय? आमचे मत असे की त्यातले बरेचसे गद्य चांगल्या साहित्याच्या पंक्तीला बसणार नाही, पण तो प्रकार साहित्याचाच आहे. शब्दाने जग उभे करणे आणि वाचकाला त्यात नेणे ही साहित्याची पहिली कामे त्याने केली. वाचकाच्या हाती लेखणी देणे आणि शब्दाची जबाबदारी जागेवरच भोगायला लावणे ही आणखी दोन कामे त्याने केली, जी छापील साहित्याला जमली नव्हती. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले. त्यानंतर ती कला पुन्हा रंगमंचावर यायला २००५ उजाडावे लागले. मधल्या काळात जिल्दी होत्या, पण त्या कशा वाचायच्या हे सांगणारे कोणी उरले नव्हते. मडचा तर छापील ग्रंथही नाही. आज्ञावल्या काही ठिकाणी जपल्या आहेत, काही मड अजून चालतात, पण त्या रात्रींचे संवाद पडद्यावरून सरकले ते सरकलेच. जे प्रयोगरूप असते ते जपण्याचे काम यंत्राचे नाही, साक्षीदारांचे आहे. त्या पिढीचे साक्षीदार अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ऐकून ठेवण्याची वेळ हीच आहे.